ऐंशी-दोनशेची लेन्स आणि भिलाईचा तान्हा पोळा

भिलाईला निघाले तेव्हा साताऱ्यात निदान सहा जणांनी विचारलं, "तिथे पाहायला काय आहे?" मी सांगितलं, पाहायला नाही, एक कॅमेरा पोचवायला चालले आहे. मग कुरिअरने का पाठवत नाही, असा पुढचा प्रश्न. तोही बरोबरच होता. पण कॅमेरा नुसता पोचवून भागणार नव्हतं. तो चालवून पाहायचा होता आणि नाही चालला तर परत आणायचा होता.

माझी आई भंडारा जिल्ह्यातली. तिचे धाकटे भाऊ शंकरमामा विशीत भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत क्रेन चालवत राहिले. नोकरीशिवाय त्यांनी आणखी एक काम नेमाने केलं, ते म्हणजे कॅम्प वन या वस्तीतल्या मराठी मंडळाच्या तान्ह्या पोळ्याचे फोटो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल सजवून आणतात, तो तान्हा पोळा. तिकडून आलेल्या कामगारांनी तो भिलाईतही चालू ठेवला. दरवर्षी प्रत्येक मुलाचा त्याच्या बैलासोबत एक फोटो मामा काढणार आणि तो मंडळाच्या वहीत डकवला जाणार. अशा वह्यांनी मंडळाचं एक कपाट भरलं आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी मामांचे हात कापायला लागले. डॉक्टर म्हणतात, धोका काही नाही, वयाचा कंप आहे. पण मागच्या वर्षीचे फोटो सगळे हलले. यंदा मंडळ स्टुडिओवाल्याला बोलावणार आहे, हे मामींनी मला फोनवर सांगितलं.

मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. यंत्र बिघडलं की हळहळण्यापेक्षा झाकण उघडावं, ही मला सवय. चौकशी केली तेव्हा कळलं, की काही कॅमेऱ्यांच्या पोटात फोटो जिच्यावर उमटतो ती पट्टीच हलती असते. हात डावीकडे गेला की ती त्या हिशेबाने सरकते आणि कंप पुसून टाकते. ही सोय लेन्समध्ये नसून कॅमेऱ्यात असल्यामुळे कितीही जुनी लेन्स लावली तरी तिला ती मिळते. मामांची लेन्स जुनीच होती. झूम आणि फोकस दोन्ही हाताने करायचे, ऐंशी ते दोनशे मिलिमीटर. दुसरी लेन्स त्यांना नको होती. साताऱ्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून मी वापरलेला कॅमेरा घेतला, जुनी लेन्स त्यावर बसवायची धातूची चकती मागवली आणि गाडीत बसले.

गुरुवार, स्मृति नगर

दुर्गला उतरून ऑटोने स्मृति नगरला मामांच्या घरी आले. रस्ते सरळ आणि रुंद, दुतर्फा झाडं. आमच्याकडे रस्ता वळला की देऊळ लागतं, इथे चौक लागतो. पाऊस नुकताच पडून गेला होता आणि आभाळ पुढचे चारही दिवस तसंच भरलेलं राहिलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण आभाळ भरलेलं म्हणजे उजेड कमी, आणि उजेड कमी म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा. तेवढ्यात हात हलायला भरपूर सवड.

मामींनी तांदळाच्या पिठाचा गरम चीला आणि टोमॅटोची चटणी समोर ठेवली. घावन आणि धिरडं यांच्या मधला हा प्रकार आहे, मी चार खाल्ले. मामांना चहा स्टीलच्या मोठ्या पेल्यात दिला होता, पण अर्धाच.

"अर्धाच का?" मी विचारलं.

"पुरा भरला त बाकीचा अर्धा माझ्या फरशीले पाजतेत," मामी म्हणाल्या.

"फरशी चमकते ना मंग?" मामा म्हणाले. "माझ्यामुळंच चमकते."

चहा झाल्यावर मी कॅमेऱ्यावर लेन्स बसवली. मामा दुरूनच का फोटो काढतात, ते मला तेव्हा समजलं. ते म्हणाले, "जवळ गेलं की पोट्टं माझ्याकडं पाहते. दूर राहिलं की आपल्या बैलाकडं पाहते. मले तोच फोटो पाहिजे." तिपाई का लावत नाही, तर पोट्टे तिला अडखळून पडतात.

कॅमेरा चालू करताच त्याने प्रश्न विचारला: लेन्स किती मिलिमीटरची? नव्या लेन्स हे कॅमेऱ्याला आपणहून कळवतात. जुनी लेन्स मुकी, तिचा आकडा आपण भरायचा असतो.

"दोनशे टाक," मामा म्हणाले.

"पण मामा, ही ऐंशी ते दोनशे आहे. तुम्ही झूम कमी केली तर?"

"शैला, क्रेनवर काय लिहिलेलं राहते? जास्तीत जास्त भार. पन्नास टन लिहिलं त दहा टन उचलता येत नाही का? खालचं सगळं त्याच्यात येऊन गेलं. दोनशे टाक."

मला पटलं. मी इंटरनेटवर तीन ठिकाणी वाचलं होतं आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळी मतं होती. मामांचं कारण त्या तिन्हींपेक्षा भक्कम वाटलं. मी दोनशे टाकले. मामांनी फाटकात उभं राहून, झूम पूर्ण ताणून, समोरच्या घराच्या नंबराच्या पाटीचा फोटो काढला. हात नेहमीसारखेच थरथरत होते, पण पाटीवरचा आकडा छापल्यासारखा आला. मामांनी तो फोटो मामींना दोनदा दाखवला आणि दुधवाल्याला एकदा.

शुक्रवार, सुपेला

पोळ्याच्या खरेदीला मामींबरोबर सुपेल्याच्या बाजारात गेले. गर्दी आमच्या मंगळवारपेठेपेक्षा वाईट आहे आणि हॉर्न वाजवण्याला कारण लागत नाही. कुंभारणी रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. समोर मातीचे बैल, प्रत्येकाला चार चाकं. शेजारी मुलींसाठी मातीचं इवलंसं जातं, चूल, भांडी. छत्तीसगढी लोक पोळ्याला 'पोरा' म्हणतात. बैल मुलग्यांचा आणि चूलजातं मुलींचं, अशी वाटणी आधीच झालेली. आमच्या साताऱ्यात बेंदूर, म्हणजे तिकडचा पोळा, आषाढातच उरकतो आणि मातीच्या बैलांना चाकं नसतात, पूजा करायची आणि ठेवून द्यायचे. इथले बैल दोरी बांधून ओढायचे. मला चाकाचे बैल जास्त पटले.

परतताना ऑटो गतिरोधकावरून उडाली आणि माझ्या मांडीवरच्या बैलाचं शिंग मोडलं. मोडक्या शिंगाचा बैल पूजेला कसा चालणार, म्हणून मी वाईट तोंड केलं. मामींनी घरी येऊन ओल्या कणकेने शिंग चिकटवलं. "देवाले सांगून देऊ, मारका होता म्हणून कापलं होतं," त्या म्हणाल्या आणि बेसनाच्या ठेठऱ्या वळायला बसल्या. त्यांच्यासोबत मीही वळल्या. माझ्या जाड झाल्या, पण संपल्या.

शनिवार, पोळा

मंडळाच्या अध्यक्ष ढोमणे बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून नोकरीत आहे. त्या सकाळीच आल्या आणि मामांना म्हणाल्या, "भाऊ, वाईट नका वाटून घेऊ. मागच्या वर्षीचे फोटो पाहून माझी सून मले विचारते, आई, यातला आपला पोट्टा कोणता?"

"यंदा नवा कॅमेरा हाय," मामा म्हणाले.

"मंग आज बैलाइचे काढून दाखवा. बरे आले त उद्याचं काम तुमचं. नाही आले त मी स्टुडिओवाल्याले फोन करते."

दुपारी स्मृति नगरच्या मागच्या गावात बैल सजवून आणतात. तिथे बाईंना धरून आम्ही चौघं गेलो. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल, आणि चिखल सगळ्यांना सारखा. मामा खुशीत होते. कधी झूम ताणून एकाच बैलाचं तोंड, कधी झूम कमी करून अख्खी जोडी, असे साठेक फोटो त्यांनी काढले. मध्ये एकदा कॅमेरा खाली झुकवला तर झूमची कडी आपल्या वजनाने घसरत पुढे गेली. जुन्या लेन्स अशा ढिल्या होतात. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

ढोमणे बाईंनी कडुनिंबाखाली उभं राहून मागच्या पडद्यावर फोटो पाहायला सुरुवात केली. चार-पाच पाहिले आणि कॅमेरा मामांच्या हातात परत दिला.

"भाऊ, मागच्या वर्षी पोट्टे ओळखू येत नव्हते. आता बैलाले आठ पाय हायेत."

मी पाहिलं. खरंच होतं. मागच्या वर्षीपेक्षा वाईट.

"उद्या सकाळी दहा वाजता मी फोन करून देते," बाई म्हणाल्या. त्यांना आनंद होत नव्हता, हेही मी पाहिलं. "चाळीस-पन्नास पोट्टे हायेत. त्यांच्या आयांले मी काय सांगू?"

घरी आल्यावर मामा जेवायला बसले. ताटातली पुरणपोळी अर्धी ठेवली. मग म्हणाले, "शैला, तू वापस घेऊन जा तो कॅमेरा. लेन्स बी ने. मले काय कामाची हाय?"

लेन्स मी नेणार नव्हते. कॅमेरा टीव्हीला जोडला आणि साठही फोटो एकेक करून पाहिले. साठात नऊ चांगले होते आणि नऊच्या नऊ फक्त तोंडाचे, शिंगाचे किंवा घुंगरांचे. म्हणजे झूम पूर्ण ताणलेली असतानाचे. बिघडलेले सगळे झूम कमी केलेले. हे उलटं होतं. झूम जितकी जास्त तितका हात जास्त दिसायला हवा. मी मामांना उभं केलं, कंप पुसायची सोय बंद केली आणि ऐंशीवर भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढायला लावला. थोडा हललेला आला. सोय चालू करून पुन्हा काढला. आणखी जास्त हललेला आला.

"मामा, हात हलवतोय त्याहून जास्त कॅमेराच हलवतोय," मी म्हटलं.

मामांनी दोन्ही फोटो टीव्हीवर पुन्हा पाहिले. मग उठले, मामींच्या किल्ल्यांचा जुडगा घेतला, शिवणाच्या डब्यातला दोरा त्याला बांधला आणि हातभर दोरा सोडून धरला. जुडगा झुलायला लागला.

"हा भार," ते म्हणाले. "लांब दोर. भार इतका बाजूले जाते. त्याले पकडायचं त क्रेन बी तितकीच त्याच्या मांगं न्यावी लागते. बराबर?" त्यांनी हात जुडग्याच्या दिशेने नेला आणि झोका थांबला. कापत्या हाताने त्यांनी हे केलं, आणि पहिल्याच खेपेत. मग दोरा बोटांवर गुंडाळून वीतभर ठेवला. "आता आखूड दोर. भार इतकासाच हलते. पण मी मघासारखीच क्रेन नेली त?" हात तेवढाच लांब नेला. जुडगा उसळून त्यांच्या मनगटावर आपटला.

"कॅमेऱ्याले आपण सांगून ठेवलं, दोर दोनशेचा हाय. दोर हाय ऐंशीचा. त्यानं बिचाऱ्यानं काय करावं? अडीच पट धावते."

मी दरवर्षी पोरांसाठी लोलकाचा प्रयोग मांडते. तरी हे मला सुचलं नव्हतं.

"पण तुम्हीच म्हणालात ना, जास्तीत जास्त भार?"

"तो भार होता. हा दोर हाय. मीच गधा." मामा हसायला लागले होते. "नवीन क्रेनवाल्याले पहिल्या दिवशी सांगतेत, कमी पकडलं त थोडा झोका राहते, जास्त पकडलं त नवा झोका येते. समजत नसंल त कमीच पकड."

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी जुनी झूम लेन्स अशा कॅमेऱ्यावर लावत असेल, तर एवढं लक्षात ठेवा. झूम बदलली की कॅमेऱ्यातला आकडाही बदलायचा. दर वेळी जमत नसेल तर लेन्सवरचा लहान आकडा भरून ठेवायचा, मोठा नाही. इंटरनेटवरची तीन मतं मला अजून पाठ आहेत. मामांचं चौथं चुकलं, पाचवं बरोबर निघालं.

मामींनी उरलेली अर्धी पुरणपोळी तुपासकट पुन्हा गरम करून आणली. या वेळी ती संपली.

रविवार, सुपेला आणि कॅम्प वन

आता प्रश्न घसरणाऱ्या कडीचा. मामांनी ठरवलं, की झूम शंभरवर पक्की करायची, कॅमेऱ्यातही शंभर भरायचे आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. सकाळी आठला आम्ही सुपेल्यात सायकलच्या दुकानापुढे उभे होतो.

"भैया, पुराना ट्यूब दो इंच काट के दो."

"साइकिल कहाँ है, अंकल?"

मामांनी पिशवीतून लेन्स काढली. दुकानदाराने ती उलटसुलट पाहिली. "इसका पंक्चर तो अपने यहाँ नहीं बनेगा," तो म्हणाला, पण ट्यूबची पट्टी नीट गोल कापून दिली. कडीवर ती अशी घट्ट बसली, की लेन्स उलटी टांगली तरी शंभरचा आकडा जागचा हलला नाही.

दहाला पाच मिनिटं असताना ढोमणे बाई फोन हातात घेऊनच आल्या. मामांनी त्यांना फाटकापाशी उभं केलं, आठ पावलं मागे गेले, बटण अर्धं दाबून धरलं, चित्र स्थिर व्हायला दोन अंक मोजले आणि मग पूर्ण दाबलं. बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"माय वो! ह्या सुरकुत्या माझ्याच हायेत का?"

"दुसऱ्या कोणाच्या राहतीन?" मामी म्हणाल्या.

"इतकं साफ बी नको काढत जाऊ, भाऊ." बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. "पण पहिले दहा फोटो मले दाखवायचे. मुलाइचे. मी कायी पोट्टं नाही, मी हालत नाही."

चार वाजता कॅम्प वन. गल्ल्या अरुंद, घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या, दारात सायकली, आणि प्रत्येक दारातून वेगळी भाषा. मंडळाच्या खोलीसमोर निळी भिंत आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलंय, 'यहाँ गाड़ी खड़ी करना मना है'. तिच्याखाली तीन गाड्या उभ्या होत्या. त्या हटवल्या. मामांनी भिंतीलगत खडूने एक रेघ मारली, ती मुलासाठी. आठ पावलांवर दुसरी, ती स्वतःसाठी.

मुलं आली. धोतर नेसवलेली, फेटे बांधलेली, मिशा काढलेली. लाकडी बैलांवर झूल आणि मण्यांच्या माळा. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, त्यामुळे झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, मराठीत म्हणून झाल्या की भांडणं हिंदीत. शेजारच्या छत्तीसगढी घरातला एक मुलगा मातीचा चाकाचा बैल घेऊन रांगेत उभा राहिला. पुढच्याने तक्रार केली, "मॅडम, इसका तो चक्का वाला है."

"चाकं हायेत त काय झालं?" ढोमणे बाई म्हणाल्या. "बैलच हाय. पुढं चल."

मामा उकिडवे बसले. हात कापत होते. कॅमेरा डोळ्याला लावला तरी कापत होते, हे मी बाजूने स्पष्ट पाहत होते. पहिल्या मुलाने आधी मामांकडे पाहिलं, मग कंटाळून बैलाची माळ सारखी करायला लागला. तेव्हा मामांनी बटण दाबलं.

दहा झाले. बाईंनी हात पुढे केला. कॅमेरा त्यांच्याकडे गेला आणि मामा जमिनीकडे पाहत बसले. मामी माझा दंड धरून उभ्या होत्या, हे मला नंतर दुखलं तेव्हा कळलं. बाईंनी दहाही फोटो पाहिले, एकदा पुढून आणि एकदा मागून.

"चला, अकरावा कोण हाय?" त्या ओरडल्या.

सव्वा तासात सत्तेचाळीस मुलं झाली. वह्या, बिस्किटं वाटली गेली. ढोल थांबला. बाई पायरीवर बसून सगळे फोटो शेवटपर्यंत पाहत होत्या आणि तेहतिसाव्यावर थांबल्या.

"हा पाहा, भाऊ. एक हललाच."

चार वर्षांची एक मुलगी होती. नेमका तेव्हा ढोल सुरू झाला असणार. फोटोत फेट्याचा केशरी पट्टा आणि बैलाचा तपकिरी पट्टा, मधे मुलगी म्हणावी असं काही नाही. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी कॅमेरा घेतला, चष्मा बदलला, फोटो मोठा केला. मोठा करून बाजूला सरकवला. आणि पडदा बाईंच्या समोर धरला.

"वाचा."

"काय वाचू?"

"मांगं भिंतीवर काय लिहिलं हाय, ते वाचा."

बाईंनी शाळेत वाचतात तसं वाचलं. "यहाँ... गाड़ी... खड़ी करना... मना है."

"एकएक अक्षर साफ हाय?"

"हाय."

"विटाइच्या फटी?"

"त्या बी हायेत."

"मंग हललं कोण?"

बाईंनी पुन्हा पाहिलं. "पोट्टी हलली."

"मी हललो?"

"नाही जी," ढोमणे बाई म्हणाल्या. "तुम्ही नाही हलले."

मामांनी तो फोटो पुसू दिला नाही. मोठा छापून पुढच्या खोलीत लावायचा, असं तिथेच पायरीवर ठरवलं.

"आन त्या पोट्टीच्या आईले काय द्याल?" मामींनी विचारलं.

"तिले दुसरा काढून देतो," मामा उठत म्हणाले. "हा माझा हाय."